दोनच जागा

2011 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. जनगणनेची ड्यूटी लागली होती, आणि माझ्या वाट्याला सालेकसा तालुक्यातलं दरेकसाकडचं एक गाव आलं होतं. दरेकसाहून रेल्वेगाडी पुढे निघाली की बोरतलावला छत्तीसगड लागतं. त्यामुळे सून तिकडची आणि सासू इकडची, हे घरोघरचं.

त्या घरात म्हातारीनं नातवाला पाणी आणायला सांगितलं. तिच्या गोंडीतला एक ‘एर’ तेवढा मला कळला. पोरगं छत्तीसगढीत ‘लानत हँव’ म्हणत पळालं आणि तांब्या माझ्यापुढे ठेवून मराठीत म्हणालं, ‘‘घ्या गुरुजी.’’

मातृभाषेच्या रकान्यापाशी आल्यावर म्हातारी म्हणाली, ‘‘हिंदी लिख दे गुरुजी, गोंडी लिखे ले का होही?’’ जवळच धनेगावला कचारगडची माघ पौर्णिमेची जत्रा होती. चार राज्यांतली माणसं तिथे गोंडी बोलत जमली होती, आणि ही बाई मला हिंदी लिहायला सांगत होती! तुमची आई तुमच्याशी काय बोलायची, असं मी विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘गोंडीच.’’ मी गोंडी लिहिलं.

नातवाचं मात्र आजही सलतं. नियमानं मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी बोलली ती. म्हणून छत्तीसगढी. त्याशिवाय येणाऱ्या भाषांसाठी जागा दोनच. पोरगं सातवीत होतं. ते ठामपणे म्हणालं, ‘‘मराठी अन् इंग्रजी लिहा.’’ आत जाऊन इंग्रजीचं पुस्तक आणलं, उभं राहून एक अख्खा धडा न अडखळता म्हणून दाखवला. अर्थ विचारला तर मान खाली. गोंडी येत नाही का, म्हटलं. ‘‘येते. पण ती घरची आहे.’’ सांगतील तेच लिहायचं होतं, तेच मी लिहिलं. दिवसभर आजीच्या तोंडून जी ऐकतो, ती त्याची भाषा कागदावर आलीच नाही. आणि छत्तीसगढी? जनगणनेच्या तक्त्यांत ती हिंदीखाली मोजली जाते.

पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली. तेव्हापासून वर्गात मी ‘ॲपल म्हणजे सफरचंद’ शिकवतो, आणि पोरं विचारतात, ‘‘सफरचंद म्हणजे?’’ मग ‘सेव’ म्हटल्यावर डोळे उजळतात. इंग्रजी कच्ची म्हणून याच पोरांना आपण नावं ठेवतो. पहिली दोन वर्षं तरी शिक्षकानं घरच्या भाषेतून बोलावं, असं माझं ठाम मत आहे. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी शाळाच काढली, ते ऐकून फार बरं वाटलं.

पण माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. मीच घातलं. आम्ही पोवार. माझी आई तिच्याशी पोवारीत बोलायची, मुलगी मराठीत उत्तर द्यायची, आणि आईला वाईट वाटतंय हे दिसत असूनही मी मुलीला कधी टोकलं नाही. आज पुन्हा वेळ आली तरी मी तिला त्याच शाळेत घालीन. त्या पोरानं इंग्रजीसाठी जागा मागितली, त्यात त्याचं काय चुकलं?

तिसरी जागा असती तर त्यानं गोंडी सांगितली असती का, हे मी त्याला तेव्हा विचारायला हवं होतं.