पातळ हात

जुन्या गाडीचं इंजिन उघडून बसलेल्या माणसाला गाव मान देतं. क्लचप्लेट बदलली, गिअरबॉक्स उतरवला, तर चार जण भोवती उभे राहतात. पण तोच माणूस आतलं प्लास्टिक घासत बसला, की विचारणा होते, "यानं गाडी जास्त पयते का, भाऊ?" गाडी जास्त पळत नाही, हे खरंच. तरीही हे काम मला इंजिनाच्या कामापेक्षा कमी वाटत नाही. इंजिनाशी आपली गाठ महिन्यातून एकदा पडते. दाराची मूठ, काच उतरवायचा दांडा, डॅशबोर्डची कड यांना मात्र हात रोज लागतो, आणि घरातल्या प्रत्येकाचा लागतो.

वाशिमजवळच्या शिरपूरला आमच्या अंगणात बाबांची सुमो उभी असते. टाटांनी ही गाडी 1994 मध्ये आणली आणि तिचं नाव ठेवलं कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून. 2019 मध्ये ती बनायची थांबली. आमच्या सुमोनं लग्नाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी वाशिमच्या दवाखान्यात पोचवल्या, बियाण्याची पोती आणली. दाराच्या पट्टीवर बांगड्या घासल्याचे बारीक ओरखडे आहेत. मधल्या सीटवर चढताना सगळे ज्या कडेला धरतात, तिथला दाणा झिजून गुळगुळीत झाला आहे.

हाताची झीज आणि उन्हाची झीज एकसारखी नसते. हात प्लास्टिकला गुळगुळीत करतो. ऊन त्याला भुरकट आणि ठिसूळ करतं. सूर्याचे अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेला थर पिठासारखा वर येतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2018 मध्ये उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांमधलं तापमान मोजलं, तेव्हा डॅशबोर्डचं सरासरी 69 अंश सेल्सिअस भरलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडी दिवसभर अंगणात असते. तिनं इतकी वर्षं काय सोसलं असेल, ते त्या आकड्यावरून कळतं.

पट्टी सोडवली की पहिलं काम तिची जात ओळखण्याचं. गाड्यांमध्ये बहुधा दोन प्रकार भेटतात, पॉलिप्रोपिलीन आणि एबीएस. कधी मागच्या बाजूला तशी अक्षरं उमटवलेली असतात. नसतील तर आतल्या कडेची छोटी कपची तासून पाण्यात टाकायची. पॉलिप्रोपिलीन बहुधा तरंगतं, एबीएस बुडतं. हे कळणं फार मोलाचं आहे, कारण पॉलिप्रोपिलीन रंगाला सहजासहजी धरून ठेवत नाही. त्याला आधी चिकटपणा देणारा खास प्रायमर लागतो. तो नसेल, तर दिसायला सुंदर झालेला रंग नखानं पापुद्र्यासारखा निघतो.

मग धुणं. या कामाचा मोठा भाग धुण्यातच जातो आणि माझा जीवही त्यातच रमतो. गाडीवर वर्षानुवर्षं चकाकीचे थर चढलेले असतात. खोबरेल तेल, जत्रेला निघताना मारलेला पॉलिशचा फवारा, त्यावर सोयाबीनच्या मळणीची धूळ, त्यावर पुन्हा तेल. पॉलिशमधलं सिलिकॉन जरा जरी उरलं, तरी नव्या रंगात गोल गोल डोळे पडतात. आमचा पेंटर म्हणतो, "आधी ही खोटी चमक उतरवा लागते. मंग रंगाचं पाहू." साबणाचं पाणी, दाण्यांच्या खाचांत मऊ ब्रश, वाळवण, शेवटी अल्कोहोलचं फडकं. फडकं पांढरं निघेपर्यंत पुढं जायचं नाही. खाली दिसणारी पट्टी कोरडी आणि जरा केविलवाणी असते, पण ती गाडीची खरी पट्टी असते, आणि रंग तिलाच धरतो.

पाणीपेपरही जपूनच मारावा लागतो. खोल ओरखड्यासाठी 400 नंबरचा, बाकी ठिकाणी 800 नंबरचा, आणि दाबायचं नाही, कारण प्लास्टिकवरचा दाणा एकदा गेला की हातानं परत आणणं फार अवघड. नंतर प्रायमर आणि रंगाचे पातळ हात. पहिल्या हाताला प्लास्टिक खालून दिसलं पाहिजे. जाड हात दिला तर दाणा बुजतो, रंग ओघळतो. दोन हातांच्या मधली उसंत हाही कामाचाच भाग, आणि तो घाईच्या माणसाला जमत नाही.

वरच्या थराला क्षुल्लक म्हणणं निदान शिरपुरात तरी शोभत नाही. इथल्या जैन मंदिरातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती वाळू आणि शेणाची, अशी परंपरा सांगते, आणि अशा मूर्तीला लेप लागतो. त्या लेपावरून आणि पूजेच्या हक्कावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातला वाद 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. 1981 पासून बंद असलेलं मंदिराचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडलं. कुणाचं बरोबर, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण बोटभरही जाडी नसलेल्या थरासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जीव ओततात, हे पाहत मी या गावात वाढलो. देवाची आणि गाडीची बरोबरी मी करणार नाही. ज्या वस्तूवर आपलं प्रेम असतं, तिच्या कांतीची काळजी आपल्याला लागतेच, एवढं मात्र मी इथंच शिकलो.

शेवटच्या हाताआधी पेंटरनं विचारलं, "चमक ठेवू का, भाऊ? नवी दिसन गाडी." मी नको म्हटलं. चमकदार डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, आणि वाशिमहून संध्याकाळी शिरपूरकडे येताना सूर्य आधीच डोळ्यांसमोर असतो. बाबा आता सत्तरीचे आहेत आणि या रस्त्यावर अजून स्वतःच गाडी चालवतात. त्यांना समोरचा बैल, सायकल, खड्डा स्पष्ट दिसायला हवा. म्हणून डॅशबोर्डचा वरचा भाग मॅट काळा केला; दाराच्या पट्ट्यांना तेवढी किंचित झाक ठेवली.