पक्कं कातडं

भाचीनं पॅरिसहून अत्तराची बोटभर नळी आणली. ‘क्यूर ओटोमान’ तिचं नाव. ‘पार्फम द’एम्पीर’ नावाच्या छोट्या अत्तरघराची. “मामा, चामडं आणि अंबर आहे यात. तुम्हाला आवडेल,” म्हणत तिनं माझ्या मनगटावर फवारा मारला. पहिल्याच श्वासाला कोल्हापुरातलं, सुभाषनगरातलं आमचं घर अंगावर आलं. ओले तळ, पायाखाली येणारे वाद्यांचे तुकडे, तात्यांची रापी. आणि पाठोपाठ पाचवीचा वर्ग.

पाचवीत गुरुजींनी मला खिडकीशी बसवलं होतं. “तिकडं वारा चांगला येतो,” एवढंच म्हणाले. त्यांच्या कानात हिन्याचा फाया असे. वारा मला नको होता, त्यांना हवा होता, हे वर्गात प्रत्येकाला कळलं. आईला मी काही सांगितलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या खिशात कापराची वडी होती.

गंमत अशी, की चामड्याच्या अत्तरात चामडं नसतंच. बर्चच्या सालीचं डांबर असतं, जे रशियात पूर्वी कातड्याला चोपडत. नाहीतर आयसोब्यूटिल क्विनोलिन नावाचं रसायन. अंबर म्हणतात तेही लोबान, व्हॅनिला आणि लॅबडॅनमचं मिश्रण. लॅबडॅनम म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचा चिकट डिंक. हिरोडोटसनं लिहून ठेवलंय, की तो बोकडांच्या दाढीत अडकतो आणि तिथूनच काढतात. बोकडाची दाढी चालली पॅरिसला!

फ्रान्समधलं ग्रास गाव आज अत्तरांची राजधानी म्हणवतं. ते मूळचं कातडं कमावणाऱ्यांचं. हातमोज्यांना वास मारायचा, म्हणून त्यांना फुलांचा सुगंध देऊ लागले. १६१४ मध्ये तर फ्रान्सच्या राजानं मोजे शिवणाऱ्यांना अत्तरवाले म्हणूनही मान्यता दिली. पुढं चामड्यावरचे कर वाढले, कातड्याचा धंदा बसला, अत्तर तेवढं उरलं.

राजा आम्हालाही लाभला होता. अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं, तेव्हा शाहू महाराज गाडी थांबवून, भर रस्त्यात सगळ्यांना दिसेल असा तिथला चहा प्याले. गुरुजींनी ही गोष्ट फार रंगवून सांगितली. सांगताना त्यांचा गळा दाटून आला. मी ती खिडकीशी बसून ऐकली. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो दाटलेला गळा मी अजून माफ केलेला नाही.

दुपारपर्यंत मनगटावरचं चामडं विरलं आणि गोडसर, उबदार असं काहीतरी राहिलं. अत्तर झकास आहे, त्यात वाद नाही. पण ते खोगिराचं चामडं, घोड्यावर बसणाऱ्याचं. आमच्याकडच्या कातड्यात बाभळीची साल आणि हिरडा मुरलेला असे. कातडं पिशवीसारखं शिवून त्यात सालीचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं; ते हळूहळू पाझरत पाझरत आतून रंगत जातं. त्याचा वास तुरट. जिभेवर आल्यासारखा.

तो वास आईइतका कुणाला कळत नव्हता. चपलेवरची वेणी आमच्यात बायकाच घालतात. वादीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून ती दिवसभर विणत बसे. मान वर करायची ती कातड्याचा व्यापारी दारात आल्यावर. भाव तात्या करत, पण त्याआधी कातडं तिच्याकडं जाई. ती रापीनं कड कापायची, कापलेल्या जागी रंग मधोमध पोचलाय का बघायची, मग नाकाशी धरून डोळे मिटायची. व्यापारी मावशी-मावशी करत शेजारी उकिडवा बसलेला.

“पोटात अजून चुना हाय ह्याच्या. ऱ्हाऊ दे.”

तो शपथा घालायचा, भाव उतरवायचा, तात्यांकडं बघायचा. तात्या विडी पेटवून दुसरीकडं बघत. आई तोवर पुन्हा वेणीला लागलेली असे. गठ्ठा खांद्यावर मारून तो शेजारी जायचा आणि तिथली बाई पहिला प्रश्न विचारायची, “तिनं का घेतलं न्हाई?”