खडवलीहून बर्फाच्या गावाला

कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलात की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग चौथं स्टेशन आमचं, खडवली. टिटवाळ्याला गणपतीला जाणारी मंडळी उतरली की डबा मोकळा होतो, खिडकीतून वारा येतो आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसायला लागतात. कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ ला सुरू झाला. म्हणजे खडवलीवरून आगगाडी धावायला लागली तेव्हा १८५७ चा उठावसुद्धा व्हायचा होता!

स्टेशनातून चालत नदीवर जाता येतं. ही भातसा. मुंबईच्या नळांना सगळ्यात जास्त पाणी पुरवणारी नदी हीच, बरं का! रविवारी इथे ठाणे, डोंबिवली, मुंबईहून माणसं नुसती लोटतात. पावसाळ्यात नदीत उतरू नका अशी तंबी दिली जाते, तरी माणसं उतरतात आणि काही परत येत नाहीत. आमच्याकडे पाणी भरपूर आहे, पण त्या पाण्यात नीट पोहायला शिकवेल अशी जागा नाही. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, कारण आज मी तुम्हाला जे सांगणार आहे ते पाण्याबद्दलच आहे. फक्त गोठलेल्या पाण्याबद्दल!

माझ्या पुतणीने एकदा मोबाइलवर फिगर स्केटिंग पाहिलं. बुटांच्या तळाला पातं लावलेला एक सडपातळ मुलगा बर्फावरून उलटा सरकत होता, मध्येच उंच उडी घेऊन भोवऱ्यासारखा फिरत होता आणि एका पायावर अलगद उतरत होता. ती म्हणाली, "काका, आपल्याकडे हे कुठे शिकवतात?"

खडवलीत बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा! थंडीत फार तर स्वेटर घालावा लागतो. मग आम्ही दोघांनी नकाशा काढला आणि बर्फ शोधत निघालो. चला, तुम्हीही बोट ठेवा नकाशावर.

पहिला मुक्काम सिमला. कल्याणहून दिल्ली, दिल्लीहून कालका आणि तिथून त्या प्रसिद्ध छोट्या गाडीने बोगद्यांतून वळणं घेत ९६ किलोमीटर. सिमल्याच्या लक्कड बाजाराजवळ १९२० सालापासून बर्फाचं एक मैदान आहे. अशा मैदानाला 'रिंक' म्हणतात. त्याची हकिगत मोठी मजेची सांगतात. ब्लेसिंग्टन नावाच्या एका इंग्रजाच्या लक्षात आलं, की टेनिसच्या मैदानावर सांडलेलं पाणी रात्रीत गोठून जातं. मग त्याने मुद्दामच तिथे पाणी सोडायला सुरुवात केली. झाला रिंक!

आजही तिथे थंडीत रात्री पाणी मारतात. ते गोठलं की पुन्हा पातळ थर, पुन्हा गोठला की आणखी एक. आजी अंगण सारवते ना, अगदी तसं. बांध घातलेल्या खाचरात पाणी उभं असतं तसंच हे. फरक एवढाच, की इथे भाताऐवजी काच उगवते! पण आकाशात ढग आले, हवा उबदार झाली, की बर्फ धरत नाही आणि खेळ बंद. हिवाळ्यातले जेमतेम काही आठवडे काय ते स्केटिंग.

वर्षभर बर्फ हवा असेल तर यंत्रं लागतात. जमिनीखाली नळ्या टाकतात, त्यांतून अतिशय गार केलेलं खारं पाणी फिरवतात आणि वरचा थर गोठवून ठेवतात. मोठ्या स्पर्धेचा रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. कबड्डीची जवळजवळ चौदा मैदानं त्यात मावतील! एवढा बर्फ दिवसरात्र गोठलेला ठेवायचा, तर विजेचं बिल काय येत असेल याचा अंदाज आईबाबांना विचारा. आपल्या देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी असा रिंक बांधला होता. स्पर्धा झाल्या आणि पुढे तो कित्येक वर्षं बंदच पडून राहिला. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधल्या वर्षांत ज्या मुलामुलींचं शिकायचं वय निघून गेलं त्यांचं काय, हा प्रश्न मला सारखा छळतो.

म्हणूनच २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत फिगर स्केटिंगमध्ये भारताचं कुणीच उतरलेलं नव्हतं. २०२५ मध्ये चीनमधल्या हार्बिनला झालेल्या आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताकडून तारा प्रसाद खेळली. तिचे आईवडील तमिळ, पण तिचा जन्म अमेरिकेतला. चाकांच्या स्केट्सवर मात्र आपली मुलं मागे नाहीत हं! हैदराबादच्या अनुप कुमार यामाने २०१० च्या आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं. आणि २०२३ मध्ये हांगझोऊला ३००० मीटर रिलेचं कांस्यपदक जिंकणाऱ्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे अशी दोन मराठी नावं होती. चाकांना सिमेंटची जमीन पुरते. पात्याला बर्फच लागतो!

आता बोट पूर्वेकडे न्या. चीन ओलांडा, समुद्र ओलांडा आणि जपानच्या ईशान्येला सेंदाई शहर शोधा. हे शहर आपल्या श्रीनगरपेक्षाही उत्तरेला आहे. रस्त्यांच्या कडेला इतकी झाडं, की जपानी माणसं त्याला 'झाडांची राजधानी' म्हणतात. तिथे जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी गोशिकिनुमा नावाचं एक लहानसं तळं आहे. सुमारे १८९० मध्ये हे तळं गोठलं की सेंदाईतले काही परदेशी रहिवासी तिथल्या पोरांना स्केटिंग शिकवत. जपानमधलं फिगर स्केटिंग इथेच जन्मलं असं मानतात. विचार करा, खडवलीच्या एखाद्या डबक्यावरून एखादा खेळ देशभर पोचला असता तर आपण किती मिरवलं असतं!

मोबाइलवरचा तो सडपातळ मुलगा याच सेंदाईचा. नाव युझुरु हान्यू, जन्म ७ डिसेंबर १९९४. दोन वर्षांचा असताना त्याला दमा जडला. चौथ्या वर्षी थोरल्या बहिणीच्या मागे मागे तो रिंकवर गेला आणि तिथलाच झाला.

तो करायचा काय ते आधी नीट समजून घेऊ. स्केटच्या पात्याचा तळ सपाट नसतो. मध्ये बारीक पन्हळ आणि दोन्ही बाजूंना धार. आतल्या किंवा बाहेरच्या धारेवर झुकायचं, की वळण मिळतं. पूर्वी अशा वळणांनी बर्फावर इंग्रजी आठसारख्या आकृत्या काढायची परीक्षाच असे; 'फिगर' हे नाव त्यावरून पडलं. १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून ती परीक्षा गेली, नाव राहिलं. आता गिरकीचं बघा. मुलींना हे चटकन कळेल. फुगडी घालताना हात ताणून मागे झुकलात तर फुगडी संथ फिरते आणि जवळ आलात की गरगर वेग येतो ना? स्केटर उडी घेतली की हात छातीशी घट्ट ओढतो ते याचसाठी. हवेत पाऊण सेकंदसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात चार फेऱ्या मारायच्या आणि एका पायावर, पाठमोरं उतरायचं!

हे अंगात मुरायला रोज बर्फ हवा. आणि हान्यू दहा वर्षांच्या आतबाहेर असताना, २००४ मध्ये, सेंदाईचा रिंक बंद पडला. कारण तेच, खर्च परवडेना. सरावाचे तास घटले. मग २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये सेंदाईतच वाढलेली शिझुका अराकावा सुवर्णपदक जिंकली. त्या स्पर्धेत अख्ख्या जपानला मिळालेलं ते एकुलतं एक पदक! गावात तिचं कौतुक सुरू झालं तेव्हा तिने आपला जुना रिंक पुन्हा उघडावा म्हणून शब्द टाकला. २००७ मध्ये रिंक उघडला. मला विचाराल तर तिच्या पदकाइतकंच हे काम मोठं.

११ मार्च २०११. दुपारचे पावणेतीन. सोळा वर्षांचा हान्यू रिंकवर सराव करत होता आणि जमीन हलायला लागली. जपानच्या इतिहासातला सर्वांत मोठा भूकंप! पायांत स्केट्स तशाच ठेवून तो बाहेर धावला. पाती खराब झाली. घर राहण्याजोगं राहिलं नाही. आईवडील आणि बहिणीसह तो चार दिवस निवाऱ्यात राहिला. किनाऱ्यावर सुनामीने गावंच्या गावं धुऊन नेली होती. आपल्या आसपास लोक अन्नपाण्यासाठी रांगा लावताहेत आणि आपण बर्फावर नाचायचं? खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात येऊन गेलं.

रिंक तर मोडलाच होता. मग त्याने काय केलं? जिथे जिथे बर्फ मिळेल तिथे तो गेला. योकोहामासारख्या दूरच्या शहरात सराव केला. देशभर होणाऱ्या आइस शोमध्ये भाग घेतला. जवळपास साठ कार्यक्रम! लोकांना करमणूक, भूकंपग्रस्तांना मदत आणि ह्याला बर्फ. कॉलेजसाठी पहाटेची लोकल पकडून कल्याण गाठणाऱ्या आमच्या खडवलीच्या मुलांना ही धावपळ कळेल, पण त्यांचं कॉलेज निदान रोज एकाच जागी असतं.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्याने फ्रान्समधल्या नीस इथे जागतिक स्पर्धेचं कांस्यपदक मिळवलं. मग ब्रायन ऑर्सर या प्रशिक्षकाकडे शिकायला तो कॅनडात टोरांटोला गेला. २०१४ ला सोचीत ऑलिंपिक सुवर्ण. पुरुषांच्या एकेरीत ते जिंकणारा तो पहिला आशियाई! वय एकोणीस.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये सरावात तो दुसऱ्या खेळाडूवर आदळला. डोक्याला पट्टी बांधून उतरला, पाच वेळा पडला आणि तरी रौप्यपदक घेऊन गेला. लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. मला मात्र हे पटलेलं नाही. डोक्याला मार लागल्यावर खेळू नये, आणि मोठ्यांनी खेळू देऊ नये. कुणी खेळाचे सर तुम्हाला हा किस्सा शौर्य म्हणून सांगू लागले तर त्यांना माझं हे वाक्य दाखवा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये उजव्या पायाचा घोटा दुखावला. यावेळी तो थांबला. मधली एकही स्पर्धा न खेळता थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियात प्योंगचांगच्या ऑलिंपिकला उतरला आणि पुन्हा सुवर्ण! पुरुष एकेरीत लागोपाठ दोन सुवर्णं अमेरिकेच्या डिक बटननंतर, म्हणजे १९५२ नंतर, कुणालाच जमली नव्हती. जपान सरकारने त्याला लोकसन्मान पुरस्कार दिला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आणि आपल्या आत्मचरित्राच्या मानधनाचे पैसे त्याने कुणाला दिले असतील? सेंदाईच्या रिंकला!

एक उडी अजून राहिली होती. अ‍ॅक्सल. नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉलसनने १८८२ मध्ये ती प्रथम मारली. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या सुरू होतात, ही समोर तोंड करून. त्यामुळे अर्धी फेरी जास्त पडते. चौपट अ‍ॅक्सल म्हणजे साडेचार फेऱ्या. स्पर्धेत ती कुणालाही साधली नव्हती. कोरोनाच्या काळात परदेशी जाता येईना, प्रशिक्षक समोर नाही, अशा वेळी सेंदाईच्या रिंकवर एकट्यानेच तो ती घोटत बसला. पडला, उठला, पुन्हा पडला.

२०२२ चं बीजिंग. पहिल्या दिवशी उडीच्या ऐन क्षणी त्याचं पातं बर्फातल्या एका खड्ड्यात अडकलं. कुणाच्या तरी पात्याने पडलेला खड्डा! उडी फुकट गेली, तो आठव्या क्रमांकावर घसरला. तिसऱ्या सुवर्णाची आशा जवळजवळ संपली. दुसरा कुणी असता तर सोप्या उड्या मारून गुण गोळा केले असते. दोन दिवसांनी ह्याने पहिलीच उडी चौपट अ‍ॅक्सलची घेतली. फेरी थोडी अपुरी पडली, तो कोसळला. पण पंचांच्या कागदावर 'चौपट अ‍ॅक्सल' असं पहिल्यांदा लिहिलं गेलं. तो चौथा आला. त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या सतरा वर्षांच्या इलिया मालिनिनने ती उडी बिनचूक उतरवली.

जुलै २०२२ मध्ये हान्यूने स्पर्धा सोडल्या. स्केटिंग सोडलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तोक्योच्या प्रचंड बेसबॉल स्टेडियममध्ये त्याच्या एकट्याच्या कार्यक्रमासाठी बर्फ अंथरला गेला. आणि मार्चमध्ये, भूकंपाला बारा वर्षं होत असताना, त्याने सेंदाईजवळच्या एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम केला. २०११ मध्ये सुनामीत गेलेल्यांना याच सभागृहात आणून ठेवलं होतं, नातेवाईक ओळख पटवायला येत होते. तीन दिवस तिथे बर्फ होता, दिवे होते आणि तो त्या बर्फावर स्केटिंग करत होता.