पंगतीत न बसणारे

'पाथेर पांचाली' आवडला, असं म्हणायला धीर लागत नाही. भीमसेन जोशींचा पुरिया आवडला म्हणायलाही लागत नाही. थोरांच्या पंगतीत त्यांचं पान आधीच मांडलेलं असतं, आपण फक्त मान डोलवायची. माझा जीव मात्र त्या पंगतीत न बसणाऱ्या सिनेमा-संगीतावर आहे. वाढलेलं सोडून तिसरंच मागणारे, यजमानाला बुचकळ्यात टाकून स्वतः मजेत असणारे असे हे पाहुणे. हल्ली त्यांना 'कल्ट' म्हणतात. म्हणोत बापडे.

माझ्या यादीत पहिला मान कमल स्वरूप यांच्या 'ओम दर-ब-दर'चा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांवर तो १९८८ साली तयार झाला आणि चित्रपटगृहात लागला थेट जानेवारी २०१४ मध्ये. मधलं पाव शतक तो कॅसेटींवर जगला. कॅसेटीवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक. दर वेळी चित्र थोडं विरायचं, रंग एकमेकांत उतरायचे. मी तो पहिल्यांदा पाहिला तो अशाच एका थकलेल्या प्रतीवर, पुण्यात लॉ कॉलेज रोडजवळच्या एका खोलीत. पडद्यावरचा धूर कुठला आणि टेपचा दोष कुठला हे कळत नव्हतं. तसं ते कळण्याची गरजही वाटली नाही.

अजमेरचा ओम नावाचा मुलगा, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेले त्याचे बाबूजी, थोरली बहीण गायत्री, पुष्करचा तलाव, पाण्याखाली श्वास कोंडून राहण्याची ओमची कला आणि पोटात हिरे असलेले बेडूक. एवढं सांगितलं की कथा सांगून होते आणि काहीच सांगितलेलं नसतं. "अर्थ काय याचा?" असं विचारणाऱ्याला मी म्हणतो, एकदा डोळे मिटून नुसता ऐक. रेडिओ, जाहिरात, शाळेतलं विज्ञान, पत्रिकेतले ग्रह आणि रजत ढोलकियांची खट्याळ गाणी. छोट्या गावातल्या मुलाच्या कानावर तेव्हा जे जे पडत होतं ते स्वरूप यांनी गाळून, निवडून, नीट लावून ठेवलेलं नाही. जसं पडलं तसं ठेवलं. म्हणून मला तो कोड्यासारखा वाटतच नाही. बालपण ज्या क्रमाने आठवतं त्या क्रमाने तो चालतो, म्हणजे क्रमाशिवाय.

हे स्वरूप पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर १९७६ साली जो मराठी चित्रपट झाला, त्याच्या चार दिग्दर्शकांपैकी ते एक. बाकीचे मणि कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा. ओम पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. पुढे स्वरूप यांना दादासाहेब फाळक्यांनी झपाटलं. तेसुद्धा 'राजा हरिश्चंद्र'चे फाळके नव्हेत; भागीदारांशी बिनसल्यावर नाशिकची कंपनी सोडून काशीला गेलेले आणि तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहीत बसलेले फाळके. त्या काळावर स्वरूप यांनी त्याच नावाचा माहितीपट केला. यशाच्या शिखरावरचा माणूस सोडून रुसून निघालेल्या माणसाच्या मागे जाणं, ही निवडच मला पुरेशी बोलकी वाटते.

'जाने भी दो यारो'बद्दल वेगळं काय सांगावं? १९८३चा कुंदन शहांचा हा चित्रपट आता सगळ्यांचाच झाला आहे. ज्या बागेत खून होतो तिला 'अँटोनिओनी पार्क' नाव देऊन शहांनी 'ब्लो-अप'ला केलेला सलाम आणि शेवटचा महाभारताचा गोंधळ यांवर भरपूर लिहून झालंय. माझं मत एवढंच, की त्याच्या संगीताकडे अजून कुणी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. ते वनराज भाटियांचं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेला हा माणूस मुंबईत जाहिरातींच्या जिंगल्स करत होता आणि श्याम बेनेगलांच्या 'मंथन'लाही संगीत देत होता. सिम्फनी येणाऱ्याने साबणाची जाहिरात का करावी, असं त्यांच्याबद्दल हळहळणारे भेटतात. मला उलट वाटतं. साबण आणि सिम्फनी एकाच हाताने करता येतात म्हणूनच प्रेताची ने-आण चाललेल्या प्रसंगात तो हात चुकत नाही.

आता चरणजित सिंग. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमधला हा वादक. शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेकांच्या गाण्यांत वाजवलेला, नाव मात्र कुठे ठळक न छापलेला. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची एक तबकडी काढली: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. रोलँड कंपनीची तीन यंत्रं, त्यांवर भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. गाण्याच्या बैठकीत भैरवी झाली की श्रोते चपला शोधू लागतात. या गृहस्थांनी सुरुवातच भैरवीने केली. समयचक्राची तर बातच सोडा. पहाटेचा ललित आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच वेगाने, एकाच ठेक्यावर धावतात.

तबकडी पडली. शास्त्रीयवाल्यांना ती थट्टा वाटली असेल आणि नाचणाऱ्यांना गाण्याचे शब्द हवे असतील. पण यंत्राची गंमत बघा. त्यातलं टीबी-३०३ हे रोलँडने एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला साथीचा बास मिळावा म्हणून काढलं होतं. खऱ्या बास गिटारसारखं ते वाजेना, म्हणून तेही बाजारात आपटलं आणि काही वर्षांत बंद झालं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मात्र त्यात होती. चरणजितना त्या घसरण्यात मींड ऐकू आली. पुढे शिकागोतल्या पोरांनी हीच यंत्रं जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली, त्यांची बटणं वेडीवाकडी फिरवली आणि १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं. 'अ‍ॅसिड हाऊस' या नव्या नृत्यसंगीताची ती सुरुवात मानतात. मुंबईची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची. एडो बोमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० साली त्यांनी ती पुन्हा काढली आणि सत्तरीतले चरणजित युरोपात तरुण पोरांसमोर वाजवू लागले. २०१५ साली ते गेले.

'अ‍ॅसिड हाऊसचा जनक मुंबईकर' असा मथळा आपल्याला सुखावतो. मला तो खोटा वाटतो. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेलीच नव्हती, मग जनक कसला? खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. बाजारात आपटलेल्या एकाच यंत्रात दोन खंडांवरच्या माणसांना आपापलं गाणं सापडलं. एकाने त्यात परंपरा ऐकली, दुसऱ्यांनी ती मोडण्याची मुभा.

इथे माझं एक भांडण आहे, तेही माझ्याच जातकुळीच्या लोकांशी. 'इतका वाईट की भारी' म्हणून सिनेमा बघायची एक तऱ्हा निघाली आहे. दिवे मालवायच्या आधीच हसू तयार असतं. मला ती मैफल मानवत नाही. न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात १९७६पासून 'रॉकी हॉरर पिक्चर शो'च्या मध्यरात्रीच्या खेळांना लोक पडद्याशी हुज्जत घालायला लागले, लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळायला लागले, तेव्हा ते सिनेमाला हसत नव्हते, त्याच्यासोबत नाचत होते. आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी' लागला की अख्खं घर नटांच्या आधी संवाद म्हणतं, ती हीच जात. 'झपाटलेला'मधला रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू आजही पोरांना घाबरवतो, कारण महेश कोठाऱ्यांनी ती बाहुली बाहुली म्हणून वागवली नाही, खलनायक म्हणून वागवली. करणारा मनापासून गंभीर असेल तरच बघणाऱ्याला वेडं होता येतं. 'कल्ट' व्हायचं ठरवून काढलेले सिनेमे म्हणूनच मला कोरडे ठेवतात.

दुर्मीळाच्या भक्तांना आणखी एक खोड असते: मला आधी माहीत होतं! हे सांगण्यात सारा आनंद आणि दुसऱ्याला कळलं की दुःख. पण ज्यांनी ही कामं वाचवली ते असे नव्हते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर चांगलं-वाईट निवडत बसले नाहीत. मिळेल तो सिनेमा गोळा करायचा, हे त्यांचं धोरण. कुणी नाक मुरडलं तरी रीळ आत घ्यायचंच. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही आणि शेकडो मूकपट तर नावापुरते राहिले आहेत. त्या हिशेबात नायरांचं निवड न करणं हीच सर्वांत चोखंदळ निवड ठरते.

म्हणून आवडीनिवडीवर मी हिरिरीने भांडतो, पण निकाल द्यायची घाई करत नाही. 'ओम दर-ब-दर' कॅसेट उतरवून घेणाऱ्यांनी वाचवला, चरणजितची तबकडी जुनी तबकडी न टाकणाऱ्या कुणीतरी. त्यांतल्या कितीजणांना ती कामं कळली होती कोण जाणे. कळायला वेळ लागतो. तोवर प्रत टिकली पाहिजे. रसिकाच्या हातात खरं तर एवढंच असतं, आणि तेवढं केलं तर आपलं मत चुकीचं ठरवायची संधी पुढच्या माणसाला मिळते.