गॅलरीचा स्लॅब कोणाचा?

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या गल्लीत वन बीएचके भाड्याने घेताना मी पाण्याची वेळ विचारली, स्टेशन किती लांब ते विचारलं. गॅलरीत दोरी बांधायला हुक आहेत, एवढंच पाहिलं. पहिल्याच मोठ्या पावसात गॅलरीच्या छताचा तळहाताएवढा पोपडा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला. वर तांबडी, फुगलेली सळई दिसत होती. माझं छत म्हणजे वरच्या घराच्या गॅलरीची जमीन, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

घरमालक काकांना फोन केला. ते म्हणाले, "सोसायटीला सांगा." सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही मेंबरचाच अर्ज घेतो. मालकांना लिहायला सांगा." वरच्या काकूंनी चहा दिला, पण त्यांच्या घरात काहीच पडलेलं नव्हतं. सगळे बोलायला चांगले होते, आणि सळई उघडीच होती.

मग मी कायदा वाचायला बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. कलम 14 म्हणतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. त्याने लक्ष दिलं नाही, तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. मला हायसं वाटलं. शेजारच्या वकीलताईंनी माझा करार उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "हा लिव्ह अँड लायसन्स आहे. तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक. ते कलम भाडेकरूसाठी आहे. तुमच्यासाठी करारात लिहिलंय तेच खरं." करारात एवढंच होतं की किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करायची. गॅलरीचा उल्लेखच नव्हता.

ताईंनीच कलम 28 दाखवलं. पूर्वसूचना देऊन, रास्त वेळी घराची पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे, आणि तिथे परवानाधारकाचं घरही येतं. मालक घर बघायला येणार म्हटलं की आपण धास्तावतो. मी उलट काकांना लेखी विनंती केली की येऊन पाहा. ते आले, सळई पाहिली आणि तिथेच बसून त्यांनी सोसायटीच्या नावे अर्ज लिहिला.

अर्जामुळे एक जुनी गोष्ट वर आली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षांवरच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. मीरा-भाईंदरची महानगरपालिका 2002 साली झाली, पण इथल्या कितीतरी इमारती त्याआधीच्या आहेत. आमचीही त्यातलीच, 30 वर्षं उलटलेली, आणि हे स्ट्रक्चरल ऑडिट अजून व्हायचं होतं.

इंजिनिअर हातोडी घेऊन आले. चांगल्या जागी टणटण वाजे, माझ्या छताला ढबढब. थोडं काँक्रीट फोडून त्यांनी फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. आमचं सळईपर्यंत करडंच राहिलं. काँक्रीटमधला क्षार सळईला गंजापासून राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू संपवतो, आणि खाडीकाठची खारी दमट हवा त्यात भर घालते. गंजली की सळई फुगते आणि वरचं कवच फोडते. मी छताकडे बोट दाखवत होतो, आणि ते वर काकूंच्या गॅलरीत निघाले. भिंतीतून बाहेर काढलेल्या गॅलरीत मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात. म्हणून भिंतीलगत वरून गेलेली चीर खालच्या पोपड्यापेक्षा जास्त गंभीर. वर कुंड्यांची रांग होती, पाणी जायचं भोक मातीने बुजलेलं होतं आणि लाद्यांवर पाणी साचलं होतं. चीर मात्र नव्हती. काकूंनी त्याच दिवशी कुंड्या हलवल्या.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत छताची संरचनात्मक दुरुस्ती आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या खर्चात येतात, उरलेली दुरुस्ती सभासदाची. म्हणजे स्लॅब सोसायटीचा, लाद्यांच्या सांध्यांतली गळती वरच्या सभासदाची. भोक साफ ठेवणं आणि गॅलरीवर भार न टाकणं हे तिथे राहणाऱ्याचं काम, मग तो भाड्याने का राहत असेना. मालकाने अर्ज करायचा आणि पाठपुरावाही. ही वाटणी मला न्याय्य वाटते. सध्या छताला टेकू लावलेत; सळया घासून पॉलिमर मॉर्टर भरायचं काम पावसाळ्यानंतर होईल.

भाड्याने घर घेत असाल तर सही करण्याआधी दिवसाउजेडी गॅलरीत उभं राहा, वर आणि खाली बघा, फोटो काढून मालकाला पाठवा आणि गॅलरीची कोणती दुरुस्ती कोणाकडे हे करारात स्पष्ट लिहून घ्या. भिंतीलगत चीर दिसली, तर त्या गॅलरीत पाऊल टाकू नका आणि मालकाला, सोसायटीला त्याच दिवशी लेखी कळवा.