सरहद्दीवरची माणसे

आमच्या भातकुलीला डोंगर नाही. टेकडीही नाही. पुर्णेच्या खोऱ्यातली ही सपाट काळी जमीन. नजर एकदा धावत सुटली की थेट आभाळाला जाऊन टेकते, मध्ये तिला अडवायला एखादे बाभळीचे झाड असले तर असले. मात्र दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस आभाळ धुऊन जातो, तेव्हा एखाद्या सकाळी उत्तरेकडे एक निळसर रेघ उमटते. ती सातपुड्याची रांग. लहानपणी मी आजीला विचारले होते, "आजी, त्याच्या पल्याड काय आहे वं?" हातातली वात वळता वळता ती म्हणाली, "पल्याड काई नाही बापा. आपला मुलूख तिथंच सरते."

आजीचा भूगोल कच्चा होता. पण राजेरजवाडेही असाच विचार करीत आले आहेत, हे मला पुढे इतिहास वाचताना कळले. मुलूख कुठे तरी सरतो असे मानल्याशिवाय त्यांना स्वस्थ झोप येत नसे. मग जिथे तो सरतो तिथे ते किल्ला बांधीत आणि त्यावर माणसे नेऊन ठेवीत. त्या निळ्या रेघेवर असे दोन मोठे किल्ले आहेत. पश्चिमेकडे अकोल्याच्या अंगाला नरनाळा आणि आमच्या बाजूला चिखलदऱ्याजवळ गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. पलीकडे माळवा, शेजारी खानदेश. वऱ्हाडाचे दार लावून घ्यायला ही कडी हवीच होती. त्याच्याही आधी तिथे गवळ्यांची मातीची गढी होती म्हणतात आणि गाविलगड हे नाव त्यांच्यावरूनच पडले, असे लोक सांगतात.

आमच्या गावाचेही एक जुने सांगणे आहे. रुक्मिणीला श्रीकृष्णाने नेले तेव्हा तिचा भाऊ रुक्मी त्याच्या पाठीवर गेला. 'कृष्णाला जिंकल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही' अशी प्रतिज्ञा करून तो निघाला होता. जिंकणे काही झाले नाही. मग त्याने घरी न जाता भोजकट नावाचे नवे नगर वसवले. ते भोजकट म्हणजेच आमची भातकुली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मकच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे, हे सांगायला गावातली जाणती माणसे विसरत नाहीत. म्हणजे पाहा, आमचे गाव वसले तेच मुळी घरी परत न गेलेल्या एका माणसामुळे!

ही गोष्ट मला हल्ली वरचेवर आठवते. तिला कारण माझा पुतण्या. तो सैन्यात आहे, उत्तरेच्या सरहद्दीवर. दोन हिवाळ्यांपूर्वी तो रजेवर आला होता. एके दिवशी म्हणाला, "काकाजी, तुमी गाविलगडाच्या एवढ्या गोष्टी सांगता, मले एकडाव दाखवा तरी." आम्ही अमरावती, परतवाडा करीत घाट चढलो आणि चिखलदऱ्याहून गडावर गेलो.

किल्ला पाहण्याच्या दोन तऱ्हा असतात हे मला त्या दिवशी समजले. मी पाहत होतो शिलालेख, कमानी, मोठ्या मशिदीचे पडके घुमट. तो यांपैकी कशाकडेच पाहीना. दरवाजातून आत आल्याबरोबर त्याने पहिला प्रश्न केला, "पानी कुठी आहे?"

मी त्याला तलावांकडे नेले. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फूट उंचीवर मच्छी तलाव आहे, देव तलाव आहे. पावसाचे पाणी उतारावरून आपसूक आत यावे अशी जागा निवडून बांध घातले आहेत. पुतण्या काठावर उकिडवा बसला. ओंजळीत पाणी घेऊन त्याने तोंड धुतले आणि थोडे जिभेवर घेतले. मग हसून म्हणाला, "गोड आहे. अन् आपल्या विहिरीचं?" मी काय बोलणार? भातकुली खारपाणपट्ट्यातली. आमच्या विहिरीच्या पाण्याने डाळ शिजत नाही, कपड्याला साबण लागत नाही, आणि ओलित करावे तर जमीन चिरडीला येते. पुतण्याच्या वाट्याची जमीन त्याच विहिरीखाली आहे.

मग तो तटावर चढला. मी उभा होतो दक्षिणेकडे तोंड करून. तिथून वऱ्हाडचे मैदान पायाखाली पसरलेले दिसते आणि मनाला उगीचच मोठेपण येते. तो मात्र उत्तरेच्या बाजूला गेला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "काकाजी, याइकडूनच आले असतील ते. खालून येनाराले वेड लागलं पाहिजे."

त्याने इतिहासाचे पुस्तक उघडले नव्हते. पण झाले होते नेमके तसेच. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा मोड झाला आणि त्यांचे उरलेसुरले बळ या गडावर गोळा झाले. किल्लेदार होता बेनीसिंग रजपूत. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून तोफा डागीत राहिला. खरा घाव उत्तरेकडून घालायचा होता. स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून तीस मैल वाट फोडीत तोफा ओढून नेल्या आणि लबाडा गावच्या बाजूने मोर्चे बांधले. १५ डिसेंबरला तट फुटला. बाहेरचा किल्ला पडला तरी आतला उभा होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलने ९४ व्या पलटणीतले निवडक शिपाई घेऊन शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. बेनीसिंग दरवाजाशी पडलेल्या प्रेतांच्या राशीत सापडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. इंग्रजांच्या पुस्तकांत वॉटर्लूला शेकडो पाने मिळतात आणि गाविलगडाला दोन ओळी. बेनीसिंगाला तर बहुधा अर्धीच.

त्या ९४ व्या पलटणीचे नाव होते स्कॉच ब्रिगेड. म्हणजे मुळात ती स्कॉटलंडच्या माणसांची. मला याची मोठी गंमत वाटते. इ. स. १२२ मध्ये रोमन बादशहा हेड्रियन याने इंग्लंडच्या उत्तर भागात समुद्रापासून समुद्रापर्यंत ११७ किलोमीटर लांबीची एक भिंत घालायला सुरुवात केली. उत्तरेकडच्या रानटी टोळ्या आपल्या राज्यात येऊ नयेत हा हेतू. भिंतीवर दर रोमन मैलाला एक चौकी आणि जागोजागी किल्ले. रोमच्या बादशहाची नजर जिथे संपत होती, तिथल्याच मुलखाचे नाव मिरवणारी पलटण सोळाशे-सतराशे वर्षांनी समुद्र ओलांडून येते आणि आमच्या गवळ्यांच्या डोंगरावर दुसऱ्याच एका तटाला शिड्या लावते! त्या भिंतीच्या किल्ल्यांतून आज पायाचे चौथरे उरले आहेत. पुष्कळसे दगड मागाहून तिथल्या शेतकऱ्यांनी घरांना आणि कुंपणांना नेले. हेक्सहॅम गावच्या देवळाच्या तळघरात रोमनांचे घडीव दगड बसवलेले आहेत. आपल्याकडे गढ्यांच्या विटांचे जे होते तेच.

परंतु भिंतीपेक्षा मला तिच्यावरच्या माणसांचे कुतूहल अधिक. ती रोमची नव्हती. कुठून कुठून आणलेली होती. सिरियाच्या वाळवंटातल्या पाल्मायरा शहरचा बाराटीस नावाचा एक गृहस्थ त्या धुक्याच्या देशात जाऊन राहिला. त्याने तिथल्याच एका दासीला मुक्त करून तिच्याशी लग्न केले. ती तिसाव्या वर्षी वारली. भिंतीच्या पूर्व टोकाजवळ साऊथ शील्ड्स इथे त्याने तिच्यासाठी उभा केलेला दगड सापडला आहे. त्यावरचा लेख लॅटिनमध्ये आहे, कारण राज्य रोमचे. शेवटची ओळ मात्र त्याने आपल्या मायबोलीत कोरून घेतली. ती ओळ वाचणारे तिथे किती जण असतील?

आमच्या गडावरही असा एक दगड आहे. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, हत्तींना धरलेला. १४८८ साली फत्तेउल्ला इमादउल्मुल्काने गडाची दुरुस्ती केली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला. १४९० मध्ये त्याने अचलपूरला इमादशाही स्थापली. गंडभेरुंड हे विजयनगरकडचे चिन्ह, आणि ते या दारावर त्याच्या मूळ गावच्या आठवणीतून आले असावे, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. धर्म बदलला, भाषा बदलली, राज्यही मिळाले. तरी दार बांधताना हात घराकडे वळला.

हे सगळे मी पुतण्याला दरवाजाखाली उभा राहून सांगत होतो. तो गंडभेरुंडाकडे पाहत राहिला. मग एकाएकी म्हणाला, "काकाजी, माही नोकरीची वर्षं भरत आली. पन मी मुदत वाढवून मागतली आहे. आईले तुमी सांगा."

माझ्या तोंडावर आले होते, 'अरे, काहून?' पण विचारले नाही. उत्तर मला त्याने तलावाच्या काठीच दिले होते. तटाखाली गवळ्याच्या म्हशी चरत होत्या. त्यांच्याकडे पाहत तो बोलला, "तिथं पोरं नवी येतात. त्याइले वारा कोन्या बाजूनं येते हेही समजत नाही. कोनी तरी जुना पाहिजे न."

वहिनींना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मुलगा परत येणार म्हणून त्यांनी माडीवरची खोली सारवून ठेवली होती, दोन ठिकाणी मुलीही पाहून ठेवल्या होत्या. मी बोलत असताना त्या तूर पाखडीत होत्या. सूप क्षणभर थांबले. मग पुन्हा सुरू झाले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "तिकडं लोकरीचे मोजे किती जोड पुरतात, भाऊजी?"

त्या रोमन भिंतीजवळ व्हिंडोलांडा नावाचा किल्ला आहे. १९७३ साली तिथे उकरताना शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची पत्रे! त्यांत हिशेब आहेत, रजेचे अर्ज आहेत, वाढदिवसाला ये म्हणून एका बाईने मैत्रिणीला धाडलेले आमंत्रण आहे. आणि एका फुटक्या पट्टीवर कोणी तरी कोणाला तरी कळवले आहे की मोजे पाठवले आहेत, चपलांचे दोन जोड आणि आतले कपडेही पाठवले आहेत. लिहिणाऱ्याचे नाव गेले, घेणाऱ्याचेही गेले. मोजे राहिले. हे मी वहिनींना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त, "थंडीच असंन न तिथंही," एवढेच म्हटले.

यंदाही पुतण्याची दिवाळी तिकडेच आहे. पार्सल वेळेवर पोचावे म्हणून आमच्या घरी फराळ सगळ्या गावाच्या आधी होतो. करंज्या वाटेत फुटतात म्हणून वहिनी शंकरपाळेच जास्त घालतात. चिवडा दोन डबे; एक त्याच्यासाठी आणि एक त्या नव्या पोरांसाठी. मोजे चार जोड. त्यांवर पत्ता मी लिहितो, कारण माझे अक्षर वाचता येते असे घरात समजतात.