पासाची रांग
डोंबिवली, २४ जून २०१४

१६ मेच्या दुपारी फडके रोडवर पेढे वाटत होते. तीस वर्षांनी लोकसभेत एकाच पक्षाला स्पष्ट बहुमत! शेजारचे काका डोळे पुसत म्हणाले, "आता दिवस बदलतील बघ." मलाही मनापासून तसंच वाटलं.

गेल्या शुक्रवारी रेल्वेची भाडेवाढ आली. १४.२ टक्के, आणि लोकलचा मासिक पास जवळजवळ दुप्पट. शनिवारी जुन्या दरात पास काढायला तिकीटखिडकीपासून थेट जिन्यापर्यंत रांग. काका माझ्यापुढेच होते. हातात प्लास्टिकच्या पाकिटातला पास, पाकिटाच्या कडा पिवळ्या पडलेल्या. "सगळे सारखेच रे," एवढंच बोलले. महिन्याभरात माणूस इतका खचावा, याने मला भाडेवाढीपेक्षा जास्त त्रास झाला.

आज पासाची दुप्पट वाढ मागे घेतली. ऐंशी किलोमीटरपर्यंत सेकंड क्लासच्या तिकिटालाही हात लावला नाही. काकांचा चेहरा पुन्हा खुलला. मला वाटतं, नव्या सरकारला वेळ द्यावा आणि खिशाला चटका बसला की ओरडावंही. पण लोकलची गर्दी तशीच आहे; जून २०१४ उजाडला तरी ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका अपुरीच आहे. सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दाराबाहेर लोंबकळणारी पोरं दिसतात, तेव्हा माझे हात गार पडतात.